रोजच्या वाढीबद्दल उपकारस्तुति

शास्त्रपाठ : मार्क ४:२६–२९, मार्क ८:२२–२६, फिलिप्पैकरांस १:३–११.

पाठाचा मुख्य विचार : देव आपल्या लेंकरांस हळूहळू वाढवितो. ती वाढ रोज डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून आजवर जें मिळालें तें आठवून त्याबद्दल देवाचे उपकार मानण्याची संवय प्रत्येकानें लावून घ्यावी.



भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी तापीचा पूल ओलांडून पुढें गेली म्हणजे सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांच्या आसपास केळीच्या बागा दिसूं लागतात. हा पाठ वाचणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं अशा बागांत पाणी भरलें असेल, मुनवे काढले असतील, घड वाहिले असतील. तेव्हां आजच्या पाठाचा आरंभ त्याच बागेंतून करूं.

बागवान मृगाच्या सुमारास कंद लावतो. कांहीं दिवसांनीं कोंब वर येतो. मग एक पान उलगडतें, आठ-दहा दिवसांनीं दुसरें, मग तिसरें. बागवान रोज सकाळीं बागेंत जातो, परंतु काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत झाड किती वाढलें हें त्यास सांगतां येत नाहीं. पोळ्यानंतर सासरीं गेलेली त्याची लेक दिवाळीस माहेरीं येते आणि बांधावर उभी राहून म्हणते, “बाबा, मी गेलें तेव्हां हीं झाडें माझ्या गुडघ्याएवढीं होतीं, आतां माझ्या डोक्यावर गेलीं!” बाप हंसतो. तो रोज तेथेंच होता, आणि म्हणूनच त्यास तें दिसलें नव्हतें.

आपल्या आत्मिक जीवनाचें असेंच आहे. एखादा बंधु वर्षाच्या शेवटीं आपल्या अंतःकरणाकडे पाहतो आणि म्हणतो : “मला बाप्तिस्मा घेऊन दहा वर्षें झालीं. अजून राग येतो. प्रार्थनेस बसलों म्हणजे मन बैलांकडे आणि सावकाराकडे जातें. अमक्या गांवच्या बंधूनें साक्ष दिली कीं त्याची दारू एका रात्रींत सुटली. माझें असें कांहींच झालें नाहीं. मग मी खरा ख्रिस्ती आहें कीं नाहीं?” एखादा उपदेशक म्हणतो : “या गांवांत पांच वर्षें राहिलों. मंडळी होती तेवढीच आहे. माझे श्रम व्यर्थ गेले.” हे शब्द नम्रतेचे वाटतात, पण पुष्कळ वेळां त्यांचा शेवट निराशेंत होतो. प्रथम कौटुंबिक प्रार्थना थांबते, मग रविवारची उपासना चुकूं लागते, आणि शेवटीं मनुष्य म्हणतो, “आपल्यासारख्यास हें साधावयाचें नाहीं.” असे कित्येक जण मंडळींतून दूर गेले आहेत. मोठ्या पापानें नव्हे, तर आपल्यांत कांहीं वाढ नाहीं या समजुतीनें ते गेले. म्हणून हा विषय लहान समजूं नये.

१. वाढ देवाची, आणि ती झांकलेली असते

मार्काच्या चवथ्या अध्यायांत प्रभूनें एका शेतकऱ्याचा दृष्टांत दिला आहे. तो बीं टाकतो, रात्रीं निजतो, दिवसा उठतो. बीं रुजतें आणि वाढतें, पण तें कसें हें त्या शेतकऱ्यास ठाऊक नसतें. जमीन आपल्या क्रमानें पीक देते : पहिल्यानें हिरवा कोंब, पुढें कणीस, त्यानंतर कणसांत भरलेला दाणा. दाणा पिकला म्हणजे तो विळा घालतो.

या दृष्टांतांत दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं शेतकरी आळशी नाहीं. त्यानें बीं टाकलें आहे व कापणीच्या वेळीं तो हजर आहे. दुसरी ही कीं वाढ त्याच्या हातीं नाहीं. कोंब ओढून लांब करणारा मनुष्य पीक वाढवीत नाहीं, तर उपटून टाकतो. पौलानें करिंथच्या मंडळीस हेंच शिकविलें : लावणारा एक असेल, पाणी घालणारा दुसरा असेल, परंतु वाढविणें हें देवाचें काम आहे.

केळीच्या झाडांत आणखी एक मर्म आहे. ज्यास आपण केळीचें खोड म्हणतों तें पानांच्या तळाशीं असणाऱ्या वेष्टनांचें, एकावर एक गुंडाळून, बनलेलें असतें. खालचें पान कांहीं दिवसांनीं सुकतें आणि लोंबूं लागतें. पण त्याच्या वेष्टनानें खोडास जो जाडपणा दिला तो राहतो. पुढें एवढ्या जड घडाचा भार या वेष्टनांच्या आधारावरच तोलला जातो. घडाचा आरंभ तरी कोठें होतो? वर शेंड्याशीं नव्हे. केळफूल प्रथम खालीं, जमिनीजवळ, खोडाच्या पोटांत तयार होतें व आंतून हळूहळू वर चढतें. त्या दिवसांत बागवानास पानांवांचून कांहींच दिसत नाहीं. मग सात-आठ महिन्यांनीं केळ निसवते आणि सगळ्यांस वाटतें कीं घड आज आला.

त्याप्रमाणें, बंधुजनहो, ज्या प्रार्थना तुम्ही केल्या आणि विसरलां, ज्या उपासनांचे उपदेश आज तुम्हांस आठवत नाहींत, लहानपणीं आईनें शिकविलेलीं जीं वचनें अर्धींच ध्यानांत राहिलीं आहेत, त्यांचें पान सुकलें असेल, पण वेष्टन खोडांत राहिलें आहे. संकटाच्या दिवशीं तुम्ही उभे राहिलां तें कशाच्या आधारावर, याचा विचार करा.

२. अर्धी दृष्टि मिळालेला मनुष्य

मार्काच्या आठव्या अध्यायांत बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट आहे. प्रभु येशूनें त्याचा हात धरून त्यास गांवाबाहेर नेलें, त्याच्या डोळ्यांस स्पर्श केला आणि त्यास कांहीं दिसतें काय असें विचारलें. त्या मनुष्यानें सांगितलें कीं माणसें दिसतात, परंतु तीं चालणाऱ्या झाडांसारखीं दिसतात. तेव्हां प्रभूनें त्याच्या डोळ्यांवर पुन्हां हात ठेविले आणि त्यास सर्व स्पष्ट दिसूं लागलें.

ज्यानें पुष्कळांस एका शब्दानें बरें केलें त्यास हाही मनुष्य एका शब्दानें बरा करतां आला असता. त्यानें तसें केलें नाहीं. म्हणजे पायरीपायरीनें बरें करणें ही प्रभूच्या सामर्थ्याची उणीव नव्हे. ती त्याची एक रीत आहे.

आतां त्या मनुष्याच्या उत्तराकडे पाहा. “मला सर्व दिसतें” असें तो म्हणाला असता तर तें खोटें झालें असतें, आणि तो जन्मभर माणसांस झाडें समजत राहिला असता. “मला कांहींच दिसत नाहीं” असें म्हणाला असता तर तेंही खोटेंच. जेवढें मिळालें तेवढें त्यानें कबूल केलें, आणि जें उणें होतें तेंही लपविलें नाहीं. खरी उपकारस्तुति ती हीच. साक्षीच्या सभेंत उठून जें झालें नाहीं तें झालें असें सांगणें ही उपकारस्तुति नव्हे. आणि जें देवानें केलें आहे तें नाकारणें ही नम्रता नव्हे. ज्यास अर्धें दिसतें त्यानें अर्ध्याबद्दल आभार मानावे आणि प्रभूच्या दुसऱ्या स्पर्शाकरितां तेथेंच उभें राहावें.

३. आपल्या महाराष्ट्रांतील दोन साक्षी

हें केवळ शास्त्रांतील काळापुरतें खरें आहे असें कोणी समजूं नये. आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीस ज्या थोर भगिनी देवानें दिल्या, त्यांतील दोघींचें जीवन पाहूं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. एवढी विदुषी, संस्कृत शास्त्रें मुखोद्गत असलेली. तिला एका दिवसांत सर्व उमजलें असेल असें आपणांस वाटेल. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं बाप्तिस्म्याच्या वेळीं त्यांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. तारणाची खातरी व शांति त्यांस सुमारें आठ वर्षांनीं लाभली. या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें तें याच काळांत. पुढें केडगांवास त्यांनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, खेड्यांतील साध्या बायकांसही समजेल अशा मराठींत, संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. त्या कामास त्यांच्या आयुष्याचीं शेवटचीं पंधराहून अधिक वर्षें लागलीं. मध्यंतरीं, १९२१ सालीं, त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूकडे गेल्या, तोंवर भाषांतर पुरें झालें होतें. मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं खिळे जुळवून तें छापलें. एवढा मोठा ग्रंथ. पण तो रोजच्या थोड्या ओळींनीं पुरा झाला.

दुसरी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची. आपल्या खानदेशांतील धरणगांवचे कवि त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांस सर्व महाराष्ट्र बालकवि म्हणतो, ते कांहीं काळ अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरीं राहिले होते. त्या घराची माउली लक्ष्मीबाई. टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंवर जणूं आकाश कोसळलें. कांहीं वर्षें त्या पतीपासून दूर, नातलगांत राहिल्या. पुढें त्या पतीच्या गांवीं आल्या, पण चूल वेगळी व सोवळें तसेंच. मग हळूहळू त्यांच्या मनांत हा प्रश्न उभा राहिला कीं देवानें जर मनुष्यें उत्पन्न केलीं, तर हे जातिभेद उत्पन्न करणारा कोण? जातीची गांठ सुटली. तिच्यामागून इतर गांठी सुटल्या. आणि १९०० सालीं, पतीच्या मागून पांच वर्षांनीं, त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या शाळेंत गेल्या नव्हत्या. वाचावयास पतीनें घरींच शिकविलें. ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले, तेव्हां त्यांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ हें प्रभूच्या चरित्राचें काव्य अपुरें राहिलें होतें. त्याचा पुढील मोठा भाग लक्ष्मीबाईंनीं उतारवयांत रचला. त्यांच्या आठवणींचें ‘स्मृतिचित्रें’ हें पुस्तक आज मराठी वाङ्मयाचें भूषण मानलें जातें. ज्यांनीं तें वाचलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं लक्ष्मीबाई स्वतःचे हट्ट, भीति, अज्ञान, सर्व कांहीं हंसतहंसत सांगतात. ज्यास आपली वाढ देवाकडून झाली असें समजलें आहे, त्यास आपल्या मागच्या लहानपणाची लाज वाटत नाहीं. बाप आपल्या लेंकराच्या पहिल्या अडखळत्या पावलांचें कौतुक करतो, तसें त्यास देवाच्या धीराचें कौतुक वाटतें.

४. उपकारस्तुतीची संवय कशी लावावी

पौलानें फिलिप्पैकरांस पत्र लिहिलें तेव्हां तो बंदिवासांत होता, तरी पत्राच्या आरंभींच तो त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो. ती मंडळी पूर्ण झाली होती काय? नाहीं. त्याच पत्राच्या चवथ्या अध्यायांत युवदीया व सुंतुखे या दोन भगिनींस एकचित्त व्हा अशी विनंति त्यास करावी लागली आहे. ज्या मंडळींत अजून भांडण आहे त्या मंडळीबद्दल पौल आनंदानें आभार मानतो, कारण काम आरंभणारा देव तें शेवटास नेईल असा त्याचा भरवसा आहे. उपदेशक बंधूंनीं यावरून आपल्या मंडळीकडे पाहण्याची रीत शिकावी. आपण बहुधा आधीं दोष मोजतों आणि आभार मानावयाचे राहून जातात.

यासाठीं तीन साध्या सूचना आहेत.

पहिली : खुणेचा धोंडा ठेवा. शमुवेलानें पलिष्ट्यांवर जय मिळाल्यावर मिस्पाजवळ एक धोंडा उभा केला व त्यास एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, हें नांव दिलें. येथवर झालेलें साहाय्य देवाचें, हें त्यानें लोकांच्या डोळ्यांपुढें ठेविलें. आपणही दर शनिवारीं रात्रीं जेवणानंतर, घरच्या मंडळींसह, या आठवड्यांत देवानें दिलेली एक गोष्ट सांगावी. ज्यास लिहितां येतें त्यानें वहींत एक ओळ लिहावी. “आज शेजाऱ्यानें बांधावरून शिवी दिली, मी उलट दिली नाहीं.” “सुनेनें पहिल्यानेंच मोठ्यानें प्रार्थना केली.” “घरच्या पोरानें मोडक्यातोडक्या अक्षरांनीं योहानाचा एक अध्याय वाचला.” वर्षाच्या शेवटीं ती वही वाचा, ती तुम्हांस माहेरीं आलेल्या लेकीचे डोळे देईल.

दुसरी : मापन स्वतःच्या कालच्या दिवसाशीं करा, शेजाऱ्याशीं नको. मंदिरांत उभा राहून आभार मानणारा परुशीही आभारच मानीत होता, पण तो आपणास जकातदाराशीं ताडून पाहत होता. म्हणून तो नीतिमान् न ठरतां घरीं गेला. ज्याची दारू एका रात्रींत सुटली त्याच्याबद्दल देवाचे उपकार माना. आणि तुमची थोडीथोडी करून सुटली असेल तर त्याबद्दलही माना. देव एकच आहे.

तिसरी : परत येऊन आभार माना. दहा कुष्ठी शुद्ध झाले, ते वाटेनें जातां जातां. त्यांतला एकच, आणि तोही शोमरोनी, मागें फिरून प्रभूच्या चरणीं आला. दान दहांसही मिळालें होतें, पण दात्याची भेट या एकास पुन्हां घडली. आभार मानल्यानें देवास कांहीं मिळतें असें नाहीं. आपण त्याच्या जवळ येतों.

५. एक सावधगिरी

या शिकवणीचा कोणी विपरीत अर्थ करूं नये. देव हळूहळू वाढवितो, म्हणून पाप हळूहळू सोडलें तरी चालेल, असें शास्त्र सांगत नाहीं. जक्कयास प्रकाश मिळाला त्याच दिवशीं त्यानें लुबाडलेलें चौपट परत करण्याचें कबूल केलें. लक्ष्मीबाईंस पांच वर्षें लागलीं, पण एकदां जातिभेद खोटा आहे हें कळल्यावर त्या तो उराशीं धरून बसल्या नाहींत. वाढीस वेळ लागतो; आज्ञा पाळण्यास आजचाच दिवस आहे. एखाद्या मंडळींत अजून पूर्वीच्या जातीप्रमाणें पंगती बसत असतील, किंवा प्रभुभोजनाच्या पेल्याकडे पाहून कोणाच्या मनांत विटाळाचा विचार येत असेल, तर “आमची वाढ हळूहळू होत आहे” असें म्हणून त्यांनीं समाधान मानूं नये. तें तण आहे. तें दिसलें त्याच दिवशीं उपटावयाचें असतें. बागवान घडाची वाट महिनोनमहिने पाहतो, पण तणाची वाट पाहत नाहीं.

तसेंच, कांहीं दिवस असे येतात कीं कांहींच वाढ होत नाहीं असें वाटतें. खानदेशांत पौष-माघांत थंडी फार पडली म्हणजे केळीचें नवें पान येण्यास विलंब लागतो, आणि असलेलीं पानेंही पिवळीं पडतात. बागवान तेव्हां बाग उपटीत नाहीं. तो पाणी देतो, कडेनें वाऱ्यास आडोसा करतो आणि थंडी ओसरण्याची वाट पाहतो. घरांत मृत्यु झाला, पीक बुडालें, आजार आला, आणि प्रार्थनेस शब्द सुचत नाहींत, अशा वेळीं मंडळीनें त्या घराचा आडोसा व्हावें. दोघां-तिघांनीं जाऊन त्यांच्याजवळ बसावें आणि त्यांच्या वतीनें प्रार्थना करावी. त्यांस वाढीचा उपदेश करण्याची ती वेळ नव्हे.

घड उतरविल्यावर केळीचें झाड तोडलें जातें. पण त्याच्या बुडाशीं मुनवे उभे असतात. आपणही एक दिवस जाऊं. आज आपल्या घरांत प्रार्थनेच्या वेळीं चटईच्या कोंपऱ्यावर पेंगत बसलेलें लहान लेंकरूं उद्यांची मंडळी आहे. त्याच्या कानांवर आज काय पडतें? कुरकुर पडते कीं उपकारस्तुति?

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. दृष्टांतांतील शेतकऱ्याचें काम कोणतें व देवाचें काम कोणतें?
२. बेथसैदा येथील मनुष्यानें आपली स्थिति कशी सांगितली? आपण साक्ष देतांना त्याच्यापासून काय शिकावें?
३. रमाबाईंस बाप्तिस्म्यानंतर सुमारें किती वर्षांनीं शांति मिळाली? त्या काळांत त्या काय करीत होत्या?
४. पौलानें कोणत्या स्थितींत, व कशा मंडळीबद्दल, देवाचे आभार मानले?
५. गेल्या वर्षीं याच महिन्यांत तुम्ही कसे होतां? तेव्हांपासून देवानें तुमच्यांत केलेली एक गोष्ट सांगा.
६. तुमच्या मंडळींत असें कोणतें तण आहे कीं जें आजच उपटलें पाहिजे?

आठवड्याचें वाचन

सोमवार : मार्क ४:२६–२९. मंगळवार : मार्क ८:२२–२६. बुधवार : लूक १७:११–१९. गुरुवार : १ शमुवेल ७:५–१२. शुक्रवार : फिलिप्पैकरांस १:३–११. शनिवार : २ करिंथकरांस ४:१६–१८. रविवार : स्तोत्र ९२.

प्रार्थनेचे विषय

ज्यांस आपली वाढ दिसत नाहीं व जे खचले आहेत अशा बंधुभगिनींकरितां; एकट्यानें काम करणाऱ्या उपदेशकांकरितां; नवीन आलेल्यांशीं धीरानें वागण्याची बुद्धि जुन्या मंडळींस मिळावी म्हणून; आणि प्रत्येक घरांत शनिवारची उपकारस्तुति सुरू व्हावी म्हणून. हा पाठ ज्या घरीं वाचला जाईल त्यांनीं आज रात्रींच, निजण्यापूर्वीं, तिचा आरंभ करावा.